वयाचा दाखला

राज्यघटनेचे ४१ वे कलम वर्गात शिकवताना मी 'वार्धक्य' या शब्दापाशी दरवेळी थांबतो. बेकारी, वार्धक्य, आजार, अपंगत्व या अवस्थांत माणसाला सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळावा, असे हे कलम राज्याला सांगते. पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पुस्ती त्याला आहे आणि मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याची अंमलबजावणी न्यायालयाकडून करवून घेता येत नाही. म्हणजे सारे विधिमंडळाच्या मर्जीवर आले.

त्या मर्जीचा क्रम पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात आमदारांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा १९७६ साली झाला. निराधारांसाठी संजय गांधी योजना १९८० साली आली, अंतुले मुख्यमंत्री असताना. त्यांच्यासाठी कायदा, आमच्यासाठी योजना! कायद्याने मिळते ते हक्काचे असते; योजनेसाठी अर्ज घेऊन तालुक्याच्या समितीपुढे जावे लागते. २०१६ साली माजी आमदाराचे निवृत्तिवेतन दरमहा ५०,००० रुपये झाले. निराधाराचे अनुदान २०२३ साली १,००० वरून १,५०० वर गेले.

आपल्या माणसांच्या म्हातारपणाचा प्रश्न याहून जुना आहे. महार वतनात निवृत्ती नव्हती. बाप थकला की त्याची काठी आणि घोंगडी पोराच्या खांद्यावर येई. म्हाताऱ्याची भाकरी पोराच्या गुलामीतून निघे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामे व मोबदला ठरवून द्यावा, ज्याला सुटायचे त्याला सुटू द्यावे, एवढीच मागणी होती. ते विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. वतन गेले, बलुतेही गेले. थकल्या हाडांची सोय मात्र त्या कायद्यात नव्हती.

१५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राने ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा ७५ रुपये देऊ केले. अट अशी, की कुटुंबाचाही आधार नसावा. आणि राज्याने आपल्या योजनेला नाव दिले 'श्रावणबाळ'! हक्काची गोष्ट पुराणातल्या पुत्रभक्तीत नेऊन ठेवली. २००७ साली संसदेने ज्येष्ठांच्या चरितार्थाचा कायदा केला, त्यानेही जबाबदारी मुलांवरच टाकली. बंगल्यातल्या बापाला त्याचा उपयोग होत असेल. ज्याचा पोरगाच ऊसतोडीला जातो, त्याने कोणावर दावा लावायचा?

पण सर्वांत मोठी मेख वयाच्या पुराव्यात आहे. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याकडेच जन्मतारीख मागायची. २००५ साली माझी आजी अर्ज घेऊन गेली. तिच्याजवळ कसलाही कागद नव्हता. तेव्हा डॉक्टरचा दाखला आणायला सांगितले. डॉक्टरने तिच्याकडे पाहिले, दात पाहिले आणि वय लिहिले ५८. माझे वडील चौथी शिकलेले. शाळेच्या दाखल्याप्रमाणे ते त्या साली पन्नाशीचे होते. अर्ज अर्थातच फेटाळला गेला. घरी येऊन आजी ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "मंग मला आठव्या वर्षी प्वार झालं व्हय? तू शिकतोस न्हवं, इचार की त्यास्नी."

मी विचारायला गेलो नाही. तेव्हा मी अकरावीत होतो, आणि कॉलेजातली पोरे त्याच कचेरीसमोर चहाला बसत.