'विश्रांतवाडीत विश्रांती कुठे?' शाब्दिक कोटीचं मीम कसं होतं?

पुण्यात आळंदी रस्त्यावर विश्रांतवाडी आहे. नावात विश्रांती, चौकात मात्र वाहतूक कोंडी. यावरचा विनोद कुणालाही सुचेल. पण एका ओळीचा असा विनोद मोबाइलवर फिरणारं मीम कसा बनतो?

कोटी म्हणजे काय?
एका शब्दाच्या दोन अर्थांवर केलेला विनोद म्हणजे शाब्दिक कोटी. अलंकारांमध्ये याला श्लेष म्हणतात. खुद्द 'कोटी' या शब्दालाही दोन अर्थ आहेत: शंभर लाख आणि शब्दांचा खेळ. आचार्य अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांच्या कोट्या आजही सांगितल्या जातात.

'मीम' हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये 'द सेल्फिश जीन' या पुस्तकात वापरला. नकलेतून माणसामाणसांत पसरणारी कल्पना, असा त्याचा अर्थ. इंटरनेटवर तो नंतर आला.

कोटी पसरते कशी?
साचा: विनोदाची रचना कळली की लोक त्यात नवे शब्द भरतात. विश्रांतवाडीत विश्रांती नाही, मग हडपसरमध्ये कुणी काय हडपलं? प्रत्येकाला आपल्या भागाचं नाव वापरता येतं.

ओळखीचा संदर्भ: पुण्यातली दुकानं दुपारी १ ते ४ बंद असतात, हा जुना विनोद. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, त्याचीही बातमी झाली होती. त्यामुळे बंद शटरच्या फोटोवर 'मुख्य शाखा: विश्रांतवाडी' एवढं लिहिलं तरी पुरतं.

निमित्त: पुन्हा कोंडी झाली की जुना विनोद पुन्हा फिरतो.

काय हरवतं?
स्क्रीनशॉट फिरता फिरता मूळ लेखकाचं नाव गळून पडतं. इंग्रजीत भाषांतर केलं की 'विश्रांत' हा धागाच तुटतो. म्हणून अशी मीम मराठी समजणाऱ्यांतच रंगतात.

रोख कुणावर?
शेजारच्या येरवड्याच्या नावावरही विनोद होतात. तिथे मनोरुग्णालय असल्याने 'याला येरवड्याला पाठवा' म्हटलं जातं. यात कोटी नाही, फक्त आजारी माणसांची टिंगल आहे. विश्रांतवाडीच्या विनोदात मात्र कोंडीत अडकलेला माणूस स्वतःवरच हसतो आणि आपली तक्रारही सांगून जातो. पुढे पाठवण्याआधी एवढा फरक पाहिलेला बरा.