नवस्त्री (नाटकातील)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपीय रंगभूमीवर अवतरलेली स्वतंत्र वृत्तीची नायिका. हेन्रिक इब्सेन यांच्या ‘अ डॉल्स हाउस’पासून (१८७९) तिचा उदय मानतात. तत्पूर्वी रूढी मोडणाऱ्या स्त्रीची अखेर बहुधा पश्चात्तापात वा मृत्यूत होई. या नाटकाची नायिका नोरा मात्र लग्नाची अंगठी परत करून घराबाहेर पडते. जर्मन प्रयोगासाठी (१८८०) इब्सेन यांना हा शेवट बदलावा लागला. सिडनी ग्रंडी यांच्या ‘द न्यू वुमन’मध्ये (१८९४) नवस्त्रीचे विडंबन आढळते, तर बर्नार्ड शॉ यांची व्हिव्ही (‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’, लेखन १८९३) विवाह नाकारून विमागणिताचे काम पत्करते. शिक्षण, अर्थार्जन व विवाहसंस्थेची चिकित्सा ही नवस्त्रीची प्रमुख लक्षणे. वास्तववादी नाटकाच्या जडणघडणीत तिला मध्यवर्ती स्थान आहे. अनंत काणेकरांचे ‘घरकुल’ हे ‘अ डॉल्स हाउस’चे मराठी रूपांतर. (पहा : इब्सेन, हेन्रिक; वास्तववाद; शॉ, जॉर्ज बर्नार्ड).