आरमाराचे हात

सिंधुदुर्गाच्या चिऱ्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. आरमाराच्या कारागिरांविषयी फारसे नाही. कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांनी जहाजे बांधावयास घेतली, तेव्हा त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज होता. १६५९ साली पोर्तुगीजांनी त्याला फितवले आणि तो आपल्या माणसांसह निघून गेला. उसनी विद्या ती, धन्याबरोबर जायचीच! तरीही जहाजबांधणी थांबली नाही. हाताखाली राहिलेल्या इथल्या सुतारांनीच ती पुढे नेली असावी, असे आम्ही मानतो. शिडा-सुकाणूवर भंडारी, कोळी, गाबीत होते. समुद्र त्यांचा पिढीजात ओळखीचा. आरमारी लढाई तेवढी अंगवळणी पडायची होती. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्गाचा पाया पडला, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये तिथूनच महाराज ८५ गलबते व ३ मोठी जहाजे घेऊन बसरूरवर निघाले.