पन्हाळा–पावनखिंड पायवाट

पन्हाळा–पावनखिंड पायवाट : कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा व शाहूवाडी या दोन तालुक्यांमधून, पन्हाळगडाच्या पश्चिम अंगापासून मसाई पठारावरून सह्याद्रीच्या मुख्य धारेलगतच्या पावनखिंडीपर्यंत, आणि तेथून पांढरेपाणी, भाततळी, गजापूर या गावांच्या शिवारांतून विशाळगडापर्यंत जाणारी जुनी डोंगरवाट. खिंडीपर्यंतचे अंतर सुमारे ५० किमी. असून विशाळगड धरल्यास ते साठीच्या घरात जाते. कोल्हापूर शहराच्या पूर्वेकडील राजारामपुरी या उपनगरालगतच्या टाकाळा व सागरमाळ या उंचवट्यांवरून पाऊस उघडलेल्या दिवशी वायव्येस पाहिले, तर जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळ्याचा सपाट माथा हे दोन्ही एका दृष्टिक्षेपात येतात. शहरातल्या माणसाला ही वाट प्रथम दिसते ती तेथून, आणि दिसते ती फक्त तिच्या आरंभापुरती.

भूरचना ध्यानात घेतल्याखेरीज या वाटेचे वळण उमगत नाही. पन्हाळ्यापासून पश्चिमेस सह्याद्रीला जाऊन मिळणारी ही डोंगररांग म्हणजे दोन नद्यांच्या खोऱ्यांमधील पाणलोटाची धार होय. दक्षिणेचे पाणी कासारीला आणि तिच्यातून पंचगंगेला, तर उत्तरेचे पाणी वारणेच्या खोऱ्यात जाते. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी सुमारे १,००० मिमी. पाऊस पडतो, मात्र घाटमाथ्यावर, उदाहरणार्थ गगनबावड्यास, हेच प्रमाण ५,००० मिमी.च्या वर जाते. एवढे पाणी ज्या खोऱ्यांतून वाहते तेथली सपाट, सोयीची वाट आषाढात बुडालेली असते, म्हणून शहाण्या वाटसरूने दांड धरून माथ्यामाथ्याने चालावे हा या मुलखाचा दंडक ठरला. इतिहासाने या वाटेची एकच, १६६० मधली, रात्र प्रसिद्ध केली हे खरे, परंतु ती रात्र जिने निभावून नेली ती वाट गुराख्यांनी, गवळी धनगरांनी आणि बाजारहाटाला जाणाऱ्या वाडीकरांनी त्याआधीच तुडवून सिद्ध केलेली असली पाहिजे, असे भूगोलच सांगतो.

तुरुकवाडी ओलांडून चढ संपला की मसाई पठार लागते. मसाई देवीचे साधे ठाणे आणि त्याभोवती मैलभर पसरलेला जांभ्याचा उघडा सडा एवढेच वर्णन करून पुष्कळ प्रवासी पुढे सरकतात, आणि येथेच ते फसतात. उन्हाळ्यात हा सडा लोखंडाच्या गंजासारखा तांबूस, निष्प्राण दिसतो. झाडाला मूळ धरण्याइतकी मातीच नाही. पावसाळ्यात गुडघा टेकून पाहिले तर जांभ्याच्या वीतभर खळग्यात, बोटभर पाण्यात आणि चिमूटभर मातीत गेंदाची पांढरी बोंडे उभी असतात, त्यांच्या पायाशी सीतेच्या आसवांची निळी फुले. ही दुसरी वनस्पती दिसायला जितकी कोमल तितकीच कृतीने निष्ठुर, कारण नत्राला पारख्या झालेल्या या भूमीत ती आपल्या मुळांसारख्या तंतूंवरील सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले जीवजंतू ओढून घेऊन आपली गरज भागवते. भाद्रपद–आश्विनात सोनकी, तेरडा व कवला यांचे ताटवे पठारावर येतात. शासनाने या पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील अशाच जांभ्याच्या माथ्यांवर बॉक्साइटचे उत्खनन झालेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दर्जाचे मोल वेगळे सांगावयास नको. पठाराच्या कडेला पांडवदरा येथे खोदीव बौद्ध लेणी आहेत. कर्त्याचा पत्ता लागला नाही की काम पांडवांच्या नावे खर्ची घालण्याची आपल्याकडील जुनी रीत येथेही चालली आहे.

पन्हाळगड आणि विशाळगड (प्राचीन नाव खेळणा) या दोन्ही दुर्गांच्या मूळ बांधकामाचे श्रेय कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी दुसरा भोज याला देण्यात येते. या रानाचा पहिला धाक इतिहासात नोंदला गेला तो १४५३ मध्ये. बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार खेळण्यावर चालून निघाला असता शिर्के या स्थानिक सरदारांनी वाटाड्याचे काम पत्करून त्याच्या फौजेला दाट अरण्यात नेऊन सोडले, आणि तेथे रात्री छापा पडून तिचा संहार झाला. पुढे महमूद गावान या मुलखात उतरला तेव्हा त्यालाही पावसाळा येताच मोहीम आवरती घेऊन कोल्हापुरास छावणी करणे भाग पडले होते.

शिवाजी महाराज याच वाटेने पन्हाळ्याहून विशाळगडास निसटले तो १६६० चा प्रसंग महाराष्ट्रात सर्वश्रुत असल्याने येथे त्याचे मोजकेच दिग्दर्शन पुरे. त्या वर्षीच्या मार्चपासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्याला घातलेला वेढा पर्जन्यकाळीही उठला नाही, आणि राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनीही आपली तोफ व गोलंदाज त्याच्या साहाय्यास आणले, ज्याचे उट्टे शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ती वखार लुटून काढले. १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेस, महाराज निवडक बांदल मावळ्यांनिशी गडाखाली उतरले. नेबापूरचा शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून महाराजांच्या वेषाने शत्रूच्या हाती लागला व प्राणास मुकला. आणि दुसऱ्या दिवशी पाठलागावरील सिद्दी मसूदाच्या सैन्याला घोडखिंडीत अडवून धरताना बाजीप्रभू देशपांडे यांनी देह ठेवला. विशाळगडाखालीही आदिलशाहीकडील सुर्वे व दळवी यांचे मोर्चे बसलेले होते आणि ते मोडूनच महाराजांना गडावर प्रवेश मिळाला, ही गोष्ट कथा सांगणारे बहुधा विसरतात. घोडखिंडीला पुढे पावनखिंड हे नाव रूढ झाले. बाजीप्रभू व त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या विशाळगडावर दाखवितात. पुढील काळी विशाळगड ही पंतप्रतिनिधींची जहागीर बनली आणि तिचा कारभार मलकापुराहून चालू लागला.

आज या वाटेवर सर्वाधिक वर्दळ असते ती जुलैमध्ये. कोल्हापूर शहरातील पेठांतून, राजारामपुरीसारख्या उपनगरांतून आणि राज्याच्या अन्य भागांतूनही निघालेली पथके पन्हाळ्यावरील बाजीप्रभूंच्या पुतळ्यास वंदन करून पहिला मुक्काम करपेवाडी किंवा आंबेवाडीच्या आसपास करतात आणि दुसऱ्या दिवशी खिंड गाठतात. पठार संपल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी अशा वाड्या एकामागून एक येतात, आणि वाटेचे स्वरूप पालटते. माथ्यावरचा कठीण कातळ जाऊन पायाखाली पाणंदीचा राडा येतो, खाचरांचे बांध येतात, आणि नेमकी हीच वेळ रोपलावणीची असल्यामुळे चिखलणी केलेल्या खाचरात ओळीने वाकलेली माणसे दिसतात. बांधावरून शंभर माणसे गेली की तो खचतो, खचलेल्या बांधातून खाचराचे पाणी ओसरते, आणि ते नुकसान भरून द्यायला कोणतेही पथक मागे थांबत नाही. जयघोष करीत जाणाऱ्यांनी इरले पांघरून उभ्या असलेल्या त्या कुळवाड्याचा बांध टाळून चालावे, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. गावनकाशावर तुटक रेषेने दाखविलेली पायवाट आणि नुसत्या वहिवाटीने चालत आलेली पायवाट यांत सरकारदप्तरी मोठा भेद आहे. वहिवाटीची वाट कोणी काटे टाकून अडविली तर दाद मागावयाची ती मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली, आणि तीही त्या वाटेशी हितसंबंध असणाऱ्याने. वर्षातून एकदा येणाऱ्या शहरी यात्रिकाला असा कोणताही हक्क पोहोचत नाही; तो चालतो ते मालकाच्या सौजन्यावर. आयर्लंडमधील डोंगर व समुद्रकड्यांवरून चालणाऱ्यांची स्थितीही याहून फारशी वेगळी नाही, कारण त्या देशातही खाजगी शेतजमिनीवरून मुक्त संचाराचा सर्वसाधारण हक्क कायद्याने दिलेला नसून पुष्कळ वाटा शेतकऱ्यांच्या संमतीवर टिकून आहेत. तेथील पश्चिम किनाऱ्यावरील क्रोग पॅट्रिक या ७६४ मी. उंचीच्या डोंगरावर दर वर्षी जुलैच्या अखेरच्या रविवारी सहस्रावधी भाविक, काही अनवाणी, पावसापाण्यातून चढतात. त्या गर्दीने निसटत्या दगडांच्या उतारावर घळ पाडली आणि वाट नव्याने दगड बसवून बांधावी लागली. भक्तिभावाने का होईना, पायांची झीज डोंगराला लागतेच, हे त्यांना जेवढे लवकर कळले तेवढे आपल्याला अद्याप कळलेले दिसत नाही.

म्हसवडे सोडल्यावर रान दाट होते. ऐन, हिरडा, जांभूळ व अंजनी यांच्या सावलीत वाट ओढ्यांतून वरखाली होते. जळवांचा उपद्रव येथेच, आणि गव्यांचा वावरही. खुद्द पावनखिंड ही कासारीच्या उगमाकडील एक अरुंद घळ असून तीत उतरण्यासाठी लोखंडी जिना केलेला आहे. पांढरेपाण्याकडून आता डांबरी सडक जवळपर्यंत येते, त्यामुळे मोटारीतून उतरून पाच मिनिटांत खिंड ‘करणारे’ही पुष्कळ. घळीच्या तळाशी पाण्याचा घोष एवढा असतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, आणि दोन्ही अंगांच्या ओल्या कातळामुळे चार माणसे शेजारी शेजारी उभी राहणे अवघड जाते. मूठभर लोकांनी फौज कशी रोखली याचा खुलासा जिना उतरताना जितका होतो तितका ग्रंथ वाचून होत नाही.

विशाळगडापुढे सह्याद्री एकाएकी संपतो आणि कोकणकडा लागतो. गडाशेजारीच, परंतु रत्नागिरी जिल्ह्याच्या लांजे तालुक्यात, माचाळ हे माथ्यावरील गाव आहे. त्याच्या परिसरात उगम पावणारी मुचकुंदी नदी पश्चिमेस वाहत जाऊन पूर्णगडाजवळ अरबी समुद्रास मिळते, आणि तेथे किनाऱ्यालगत पुन्हा तोच जांभ्याचा सडा, या खेपेस थेट समुद्रात तुटलेला, आढळतो. इतिहासासाठी ही वाट चालावयाची तर आषाढ हाच तिचा काळ. पठार पाहावयाचे तर गणपतीनंतरचा पंधरवडा बरा, कारण तेव्हा धुके विरलेले व ओढे उतरलेले असतात. धुक्याच्या दिवसांत मसाईच्या सड्यावर खूण धरण्यास झाड नाही की दगडाची रास नाही, आणि कडा जवळ आल्याची सूचना डोळ्यांना मिळत नाही. अशा वेळी तुरुकवाडी अगर कुंभारवाडीतील एखादा माहीतगार बरोबर घ्यावा, आणि विशाळगड–माचाळ हा पुढचा टप्पा तर त्याच्याविना करूच नये.