गटिंग: आतडं गेलं, नाव राहिलं

रॅकेटची तार तुटली की आपण दुकानात सांगतो, ‘गटिंग करून द्या.’ गट म्हणजे जनावराचं आतडं. पूर्वी तात त्याचीच असायची. १९३५मध्ये नायलॉन तयार झालं आणि पुढे आतडं मागे पडलं. म्हणून ताण वाढला का? पहिल्या टिपणात मी तसंच लिहिलं होतं, आणि चुकलो. लाकडी फ्रेम वाकू नये म्हणून ती प्रेसमध्ये आवळून ठेवावी लागे. तिला जास्त ताण कुठला झेपणार? कार्बनच्या फ्रेम आल्या तेव्हा कुठे २५-३० पाउंड शक्य झाले. म्हणजे तार आणि फ्रेम, दोन्ही बदलल्या होत्या. तुम्ही स्वतःचा ताण शोधताना मात्र रॅकेट तीच ठेवा, ०.७० मिमीची तारही तीच, आणि दर गटिंगला एकच पाउंड चढवा. शटल मागच्या रेषेपर्यंत जाईना, की एक पाउंड खाली या.