ज्याचा माल, त्यानेच विकावा

इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या गावांत महिन्यातल्या ठरलेल्या शनिवारी शेतकरी बाजार भरतो. भोवतीच्या दगडी इमारती पाहून वाटतं, बाजारही तितकाच जुना असणार. पण या रूपातला तिथला पहिला बाजार बाथ शहरात भरला तो सप्टेंबर १९९७ मध्ये, ग्रीन पार्क या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनच्या छपराखाली. आदल्याच वर्षी ‘मॅड काउ’ रोगाचा माणसाच्या आजाराशी संबंध असावा, असं सरकारने मान्य केलं होतं. मांस कुठल्या गोठ्यातून आलं, हे गिऱ्हाईक विचारू लागलं होतं.

बाजाराचा मुख्य नियम मात्र जुन्या वळणाचा. माल स्वतः पिकवलेला किंवा बनवलेला हवा, गाळ्यावर मालक नाहीतर त्या कामातलाच माणूस हवा, आणि शेत सहसा ३० मैलांच्या आत. घाऊक मंडईतून आणून विकणाऱ्याला मज्जाव.

मध्ययुगीन इंग्लंडमध्येही बाजाराकडे निघालेला माल वेशीबाहेरच गाठून उचलणं, किंवा घेतलेलं धान्य त्याच बाजारात चढ्या भावाने विकणं, हा गुन्हाच होता. पुढे १५५२ च्या कायद्यात त्यासाठी पहिल्या खेपेला दोन महिने कैद होती. तिसऱ्या खेपेला भर चौकात खोड्यात उभं करत आणि सगळा माल जप्त. चिपिंग कॅम्पडन या गावात १६२७ साली बॅप्टिस्ट हिक्स या व्यापाऱ्याने बांधलेला, त्या कायद्याच्या काळातला बाजारमंडप अजून उभा आहे. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांसाठी तो बांधला. उघड्या कमानी, पायाखाली झिजून उंचसखल झालेले दगड.

१५५२ चा तो कायदा १७७२ मध्ये रद्द झाला. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने तर चारच वर्षांनी असा माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यांविषयीची भीती चेटकिणींच्या भीतीच्या पंक्तीला बसवली. धान्याच्या व्यापाराबद्दल त्याचं खरंही असेल. पण गिऱ्हाइकाला शेतकऱ्याचं तोंड दिसत नाही, ही अडचण त्याने मोजली नाही.

महिन्यातून एकदाच का, हे विक्रेत्यांच्या सोयीतून ठरलं. जुने बाजार राजाच्या सनदेने आठवड्याला भरत. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या ग्रंथात दोन बाजारांतलं अंतरही दिलंय: पावणेसात मैलांच्या आसपास. दिवसाची वाटचाल वीस मैलांची. तिच्यातला एक तृतीयांश हिस्सा जायला, तेवढाच विक्रीला, उरलेला परतायला. आता शेतकऱ्याकडे व्हॅन आहे. पहिला शनिवार एका गावात, दुसरा दुसऱ्या. अधले दिवस दूध काढायला आणि भट्टी लावायला.