वाळूवरची राखण

मिसिसिपी नदीच्या मुखाजवळची ब्रेटन बेटे १९०४ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पक्ष्यांसाठी राखून ठेवली. टोप्यांवर खोवायच्या पिसांसाठी आणि अंड्यांसाठी तेथे पक्ष्यांची लूट चालली होती. कायद्याने बंदूक थांबली. पण समुद्र कायदा जाणत नाही. २००५ च्या कॅटरिना वादळाने शेजारच्या, याच अभयारण्यातील शँडेलूर बेटांची सुमारे ८५ टक्के जमीन धुऊन नेली.

हे सारे लुइझियाना राज्यात. या राज्याच्या ध्वजावर पेलिकन आहे. पण कीटकनाशकांमुळे १९६० नंतर तोच तेथून नाहीसा झाला. १९६८ पासून फ्लोरिडातून पिल्ले आणून सोडली, तेव्हा १९७१ मध्ये क्वीन बेस बेटावर पुन्हा घरटी दिसली. पुढे हे बेटही वादळांनी कुरतडले. नदीला पूररोधक बांध घातलेले, त्यामुळे झीज भरून काढणारा गाळ येईना. घरट्यांजोगी जागा जेमतेम पाच एकर उरली.

२०१० च्या तेलगळतीने येथले पक्षी माखले. तिच्या भरपाईच्या पैशातून नदीतली वाळू आणून बेटावर भर घातली, कडेने दगड रचले. २०२० च्या विणीच्या हंगामापूर्वी बेट सुमारे ३७ एकरांचे झाले आणि पक्षी परतले.

याला उपकार म्हणू नये. नदी माणसानेच अडवली. १९०४ साली राखण म्हणजे माणसाला दूर ठेवणे होते. आता वाळू घेऊन त्यालाच तेथे जावे लागते, आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर पुन्हा जावे लागेल.